हरणासाठी घेतलेली रायफल

परवा परदेशातून फोनवर तुमच्यापैकी थोरल्यानं मला विचारलं, "आजी, हरणाच्या शिकारीला कोणत्या बोअरची रायफल घ्यावी गं? इथला दुकानदार दर वेळी वेगळाच आकडा सांगतो." मागून त्याची आई हसून म्हणाली, "विचार विचार, आजीनं एकदा निवडली आहे." सगळ्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मी खरोखरच एकदा रायफल निवडली आहे, आणि ती कशी निवडली हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी लिहून काढते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे मध्येच कुणी अडणार नाही. आपल्याकडे आता शिकारीला बंदी आहे. मी सांगते आहे तो काळ पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. तेव्हा परवाना असला की हरिण मारता येत असे, आणि पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळतही असे. आम्ही औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहत होतो. जमीन पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. ती जमीन आता जायकवाडीच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे तुम्हाला दाखवता येणार नाही. तुमचे आजोबा शहरात सरकारी नोकरीत होते. शेती त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे धाकटे दीर बघत. घरात शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा, ज्यांना मी मामंजी म्हणत असे.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या गडबडीत आमचं सगळं घर काही महिने नदी ओलांडून नगरच्या बाजूला जाऊन राहिलं होतं. तिकडे निजामाचं राज्य नव्हतं. जाताना धान्य पेवात पुरून ठेवलं होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल कोठी. वरून तोंड बंद करून माती सारखी केली की अनोळखी माणसाला काही कळत नाही. आमचं पेव खळ्याजवळच्या मुरमाड उंचवट्यात होतं. परत आलो तेव्हा ते उपसलेलं होतं. आत दाणा नव्हता.

पेवाची जागा घरच्या माणसांना ठाऊक होती, आणि एका धनगराला. दर हिवाळ्यात तो आमच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायचा. मेंढ्यांचं खत आम्हाला, रान आणि धान्य त्याला, असा जुना रिवाज. त्याचा मेंढवाडा त्याच उंचवट्याला लागून पडायचा. धाकट्या भाऊजींनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की जागा त्यानंच दाखवली. विचारलं कुणीच नाही. मामंजी म्हणाले, पुरावा नाही, त्याला मेंढ्या बसवू द्या. म्हणून तो येतच राहिला, आणि भाऊजी त्याच्याकडे बघतच राहिले. मीही बघत असे, हे लिहायला हवं. एकदा त्याच्या बायकोच्या हातात चांदीचे गोठ दिसले आणि मी ते नवे आहेत का, हे डोळे बारीक करून पाहिलं होतं.

अशात हरणं वाढली. काळविटांचे कळप हरभऱ्यात उतरत आणि सकाळपर्यंत शेंडे साफ. भाऊजी शहरात आले आणि मामंजींना म्हणाले, "आबा, रायफल घ्यावीच लागंल. गोफणीला कोण भितंय?"

कारण खरं होतं. हरभऱ्याचं नुकसान मी स्वतः पाहिलं होतं. पण त्यांनी ते सांगताना दोनदा मेंढवाड्याचं नाव घेतलं. हरणं कुठून येतात, तर मेंढवाड्याच्या बाजूनं. पळतात कुठं, तर मेंढवाड्याच्या बाजूनं. मी चहा देत होते. तिथून माझ्या मनात पाल चुकचुकली आणि पुढे ती गप्प बसेना.

परवाना तुमच्या आजोबांच्या नावे निघाला, राखणीसाठी भाऊजींचं नाव त्यात लागलं. दुकानात जाताना आजोबांनी मलाही घेतलं, कारण काडतुसांच्या खोक्यांवर आणि माहितीपुस्तिकेत सगळं इंग्रजी असायचं आणि माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं. भाऊजींना ते फारसं आवडलं नाही. "वहिनी, तिथं दारूगोळा असतो, साड्या नाय," म्हणाले. मी म्हटलं, "साडी निवडायला मला कुणाची सोबत लागत नाही, भाऊजी. रायफल निवडायला तुम्हाला लागते आहे."

दुकान सिटी चौकापासून आत होतं. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ. दाराची एकच फळी उघडी ठेवून बसायचे. त्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाकडे ते असे बघत की उद्या या माणसाबद्दल आपल्याला कुणी विचारायला येईल. आम्हीही त्यांच्याकडे तसेच बघत असू. सगळं शहरच तेव्हा एकमेकांकडे तसं बघत होतं.

"कइका शिकार करते साब?" त्यांनी विचारलं.

"हरणाची," भाऊजी म्हणाले. "थ्री-नॉट-थ्री भेटंल का?"

म्हाताऱ्यांनी काउंटरवरचे दोन्ही हात मागे घेतले. "वो नाम नक्को लेव मेरी दुकान में. वो फौज की चीज है. तुम परवाना लाए, मैं परवाने की चीज दिखातूँ."

त्यांनी आधी बाराची दुनळी दाखवली. छऱ्याची बंदूक, जवळून मारायची. भाऊजींनी ती हातातही घेतली नाही. "ही कावळे हाकायला." मग टू-टू. ती फारच हलकी. हरिण जखमी होऊन पळतं आणि दुसऱ्याच्या शेतात जाऊन मरतं, असं म्हातारे स्वतःच म्हणाले. मग त्यांनी दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. एक इथल्याच सरकारी कारखान्याची, थ्री-फिफ्टीन, नवी कोरी. दुसरी विलायती, टू-सेव्हन्टीफाइव्ह, कुण्या जागीरदारांनी गाव सोडताना विकलेली. लाकडाला अशी चकाकी की आपला चेहरा दिसावा.

भाऊजींनी विलायती उचलली, खांद्याला लावली आणि एक डोळा मिटून रस्त्याकडे धरली.

"रस्ते पे नक्को साब," म्हातारे म्हणाले. "कित्ते फासले से मारते तुम?"

"तीनशे पावलं. चारशेबी."

"चार सौ पे हिरन मक्खी के इत्ता दिखता. तुम्हारे कने बैलगाडी नइं है क्या?"

बैलगाडीचं तुम्हाला सांगायला हवं. आपल्या भागात काळविटाची शिकार गाडीवरूनच होत असे. काळवीट पायी चालणाऱ्या माणसाला दुरून ओळखून पळतं, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या बघण्यातली. गाडी सरळ त्याच्याकडे न नेता लांबून वळसा घालत, दर फेरीला थोडी आत घ्यायची. माणसांनी गाडीत बसून राहायचं, बोलायचं नाही, उभं तर मुळीच राहायचं नाही. अशानं शंभरेक पावलांवर सहज जाता येतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊजी लहानपणापासून इतरांच्या बंदुकीनं तसेच मारत आले होते.

"गाडी आहे," भाऊजी म्हणाले. "पण हरणं लई शहाणी झाली आता."

"हौ? कब से?" म्हातारे म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यावरचं इंग्रजी वाचण्यात असल्यासारखं केलं.

"ही आरपार जाती का?" भाऊजींनी विचारलं.

"हिरन में से? जाती. पर कइकू साब? गोश खराब होता ना."

भाऊजींनी रायफल पुन्हा खांद्याला लावली. आजोबा म्हणाले, "चाचा, दोन्हींची पुस्तिका द्या. घरी वडिलांना विचारून उद्या येतो."

परतताना भाऊजी एका मित्राकडे उतरले. टांग्यात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी आजोबांना सरळ सांगितलं की मला ही शिकार हरणाची वाटत नाही.

"म्हणजे?"

"शंभर पावलांवर जाता येतं त्या जनावरासाठी चारशे पावलांची रायफल कशाला? हरभऱ्याच्या बांधावरून त्या अंतरावर मेंढवाडा आहे."

त्यांनी टांगेवाल्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तो माझा भाऊ आहे."

"आणि परवाना तुमचा आहे," मी म्हटलं.

"तू फार वाचतेस," ते म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता तिथं मिटला.

रात्री भाऊजीही परतले, तेव्हा मामंजी घरी झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "सूनबाई, पुस्तकात काय लिहिलंय ते जसंच्या तसं सांगा." मी जसंच्या तसं सांगितलं. विलायतीची गोळी बारीक आणि वेगवान, लांबवर गेली तरी फारशी खाली येत नाही, हरणासाठी नामांकित. थ्री-फिफ्टीनची गोळी जाड आणि सावकाश. दीड-दोनशे पावलांपर्यंत हरणाला उत्तम, पुढे झपाट्यानं खाली येते, म्हणून लांबच्या नेमाला भरवशाची नाही. यातला एक शब्दही मी बदलला नाही. फक्त शेवटी मामंजींनी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, तेव्हा मी काडतुसांबद्दल बोलले. विलायतीची काडतुसं बाहेरून यायची. आली तर आली. थ्री-फिफ्टीनची इथं बनतात. ज्या रायफलीला काडतूस मिळणार नाही ती घेऊन आपण करायचं काय?

हे कारण खरंच होतं आणि घर चालवणाऱ्या माणसाला पटणारं होतं. मामंजींनी मान डोलावली. "थ्री-फिफ्टीन."

भाऊजी माझ्याकडे बघून हसले. "वहिनींनी लई अभ्यास केला."

"तुम्हीच म्हणालात ना, हरणासाठी आहे. हरणापुरता केला."

रायफल आली आणि भाऊजी ती घेऊन शेतावर गेले. पुढच्या पंधरवड्यात मी सासूबाईंबरोबर शेतावर गेले तेव्हा ते नेम धरण्याचा सराव करत होते. बांधावर एक मेढ रोवून तिच्यावर मडकं पालथं घातलेलं. काळविटाचा खांदा माझ्या कमरेच्या वर येत नाही. मडकं माझ्या डोक्याच्या उंचीला होतं.

"इतकं उंच का, भाऊजी?"

"दिसायला बरं पडतं." त्यांनी बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, मागे ओढला, रिकामं काडतूस उडालं. "बसा तिकडं सावलीला, कान दुखतील."

कदाचित खरंच दिसायला बरं पडत असेल. मी सावलीला बसून मडकी मोजली नाहीत, पण एकही शाबूत राहिलं नाही. आणि तिकडे लांब, मेंढवाड्यापाशी, धनगर उभा राहून आवाज ऐकत होता. घोंगडी खांद्यावर, काठीवर दोन्ही हात. प्रत्येक आवाजाला त्याची कुत्री भुंकत होती.

मग हुरड्याचे दिवस आले. आम्ही सगळे शेतावर. आगटी पेटलेली, मामंजी आणि आजोबा घोंगडीवर बसून हुरडा चोळत होते. भाऊजींनी गाडी जुंपली आणि म्हणाले, "आज काळवीट आणतो."

"मीही येते," मी म्हटलं.

"तुम्ही? कशाला?"

"रायफल मी निवडली. चालते कशी ते बघू नको?"

मामंजी हसले. "जाऊ दे रे, घेऊन जा. सूनबाईंची रायफल आहे." आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कणीस निखाऱ्यात जरा जास्तच खोल खुपसलं.

गाडी भाऊजी स्वतःच हाकत होते. मी मागे, पेंढ्यावर. हरभऱ्याच्या पलीकडे पडीत रान, तिथं कळप चरत होता. त्यात एक नर, पाठ काळीभोर, शिंगं पिळदार. इतकं देखणं जनावर की त्याला मारायला आलो आहोत याची मला लाज वाटली. भाऊजींनी पद्धतशीर वळसा घातला. पहिल्या फेरीला माद्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. दुसऱ्या फेरीला तर बघितलंही नाही. नर आमच्याकडे कूस करून उभा होता, आणि मधे आडोसा काहीच नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, आता थांबा, आता मारा, इथून चुकायचं नाही.

भाऊजी थांबले नाहीत. त्यांनी आणखी अर्धा वळसा घेतला. आता गाडी, नर आणि मेंढवाडा एका ओळीत आले. नराच्या मागं, तेवढ्याच अंतरावर पुन्हा, धनगर उभा होता. त्याचं पागोटं मला स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी कासरा खुंट्याला अडकवला, रायफल उचलली.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, मागं माणूस आहे."

"दिसतोय."

"मग?"

"हलंल तो."

तो हलत नव्हता. रायफलही हलत नव्हती. नळीचं तोंड नराच्या खांद्याच्या जरा वर आहे असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण मागून बसून ते कुणालाच सांगता येणार नाही. दीड-दोनशे पावलांच्या पुढे गोळी खाली येते, हे मीच माझ्या तोंडानं त्यांना वाचून दाखवलं होतं; म्हणजे लांबचं मारायचं तर नेम वर धरायचा.

मी उभी राहिले.

गाडीत कुणी उभं राहिलं की काळविटाच्या लेखी ती गाडी राहत नाही, माणूस होतो. सगळा कळप एकदम उडाला. नर तीन झेपांत नाल्याच्या पलीकडे. क्षणभर रानात फक्त धूळ आणि धनगर.

भाऊजींनी रायफल खाली घेतली. चेहरा लाल झाला होता. "वहिनी! शिकार घालवली तुम्ही."

"कुणाची?"

त्यांनी कासरा सोडवून हातात घेतला. मी उभीच राहिले.

धनगर आमच्याकडे चालत आला. घाई नाही, पण वाट वाकडी न करता सरळ. गाडीपासून थोडं अलीकडे थांबला.

"धाकले मालक, हरणं तर मघाशी त्या अंगानं समोरच हुती, व्हय ना?"

"व्हय," भाऊजी म्हणाले. "तू मधी आलास."

"मी मधी नव्हतो, मालक. मी मागं हुतो." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाईसाब, बसा आता. बैलं बुजतील."

तो वळून गेला. आम्ही परत आलो. आगटीपाशी मामंजींनी विचारलं, "काय झालं? आवाज नाही आला." भाऊजी म्हणाले, "नाय मिळालं." मी हातात दिलेला हुरडा खाल्ला, त्याला चव कसली होती ते मला आठवत नाही.

दुपारी मी विहिरीवर हात धुवायला गेले तेव्हा भाऊजी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला बसलेले होते, रायफल मांडीवर आडवी. मी परत फिरणार तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. तुम्हाला काय वाटलं, मी त्याला मारणार हुतो?"

"तुम्हीच सांगा."

ते पाण्याकडे बघत होते. त्यांच्याकडे असलेलं कुठलंही उत्तर मी मानलं नसतं. नाही म्हणाले असते तर खोटं वाटलं असतं. हो म्हणाले असते तर मी ओरडत आजोबांकडे धावले असते.

"मलाबी ठाऊक नाय," ते म्हणाले. "देवाशपथ. हरणावरच धरली हुती. मग तो दिसला. मग..." त्यांनी बोल्ट ओढून बाहेर काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. "हा तुमच्याजवळ ठेवा."

बोल्टाशिवाय रायफल म्हणजे लोखंडाची काठी. मी तो पदरात बांधला. पुढे शहरात परतल्यावर फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कपाटात कुलपात ठेवला. आजोबांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. या वेळी ते तू फार वाचतेस असं म्हणाले नाहीत.

रात्री आम्ही शेतावरच्या घरातच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाडा नव्हता. हंगाम अर्धा बाकी असताना धनगरानं जाळी, घोडी, बायकापोरं, मेंढ्या सगळं उचललं होतं. तुडवलेल्या जमिनीवर लेंड्या आणि चुलीचे तीन दगड एवढंच उरलं होतं. मामंजी म्हणाले, "बघा, मनात चोर होता म्हणूनच गेला." आजोबांनी एकदा भावाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. भाऊजी नदीच्या वाटेला लागले. रिकाम्या हातानं, हे मी दारातून नीट बघून घेतलं.

ते उन्हं चढल्यावर परत आले. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"भेटला?" मी विचारलं.

"नदीपल्याड हाय. म्हणलं, चल माघारी, कोण काय करत नाय. तर नाय म्हणतो."

"आणखी काही बोलला?"

"पेवाचं मीच काढलं शेवटी. म्हणलं, सांग, तू दाखवलंस का." ते पायातली वहाण झटकत राहिले. "तर म्हणला, इतकी वर्सं इचारलं नाय, आता हातात बंदूक नाय तर इचारता व्हय."

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

धनगर पुन्हा आमच्या रानात आला नाही. त्या वर्षी उरलेला हरभरा हरणांनी खाल्ला, आणि भाऊजींनी माझ्याकडे बोल्ट मागितला नाही.